साम्य-भेद लिहिताना: इतिहासाच्या निबंधाबद्दल वाचकांचे प्रश्न

इतिहासाच्या तुलनात्मक निबंधाबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: ‘असहकार चळवळ आणि सविनय कायदेभंग चळवळ यांची तुलना करा’ असा ८०० शब्दांचा निबंध होता. मी पहिली दोन पानं असहकारावर लिहिली आणि पुढची दोन कायदेभंगावर. एकही सन चुकलेलं नाही. तरी सरांनी खाली ‘ही तुलना नाही, या दोन टिपा झाल्या’ असा शेरा मारला. मग तुलना म्हणजे नेमकं काय लिहायचं?
— अकरावीची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: सरांचा शेरा बरोबर आहे. तुझा निबंध मधोमध फाडला तर दोन टिपा हातात येतील आणि दोन्ही आपापल्या जागी पूर्ण वाटतील. तुलनात्मक निबंध असा फाडता येता कामा नये.

लिहायला बसण्याआधी कोऱ्या पानावर तीन रकाने आख. डावीकडे निकष, मध्ये असहकार, उजवीकडे कायदेभंग. निकष म्हणजे दोन्ही चळवळींना विचारता येईल असा एकच प्रश्न. ‘खिलाफत’ (तुर्कस्तानच्या खलिफाच्या बाजूने भारतातल्या मुसलमानांनी उभारलेली चळवळ) हा निकष होत नाही, कारण १९३०च्या रकान्यात त्यापुढे लिहायला काही नसतं. ‘कोण सामील झालं आणि कोण बाहेर राहिलं’ हा मात्र होतो. त्यापुढे पहिल्या चळवळीतला मुसलमानांचा मोठा सहभाग येईल, दुसरीत तो घटलेला दिसेल आणि त्याच वेळी स्त्रियांचा सहभाग कितीतरी वाढलेला दिसेल. एका ओळीत दोन्ही बाजू बोलायला लागल्या की निकष जमला असं समज. एक रकाना कोरा राहिला तर तो निकष खोड.

असे पाच-सहा निकष लिही आणि त्यांतले तीनच ठेव. ८०० शब्दांत चौथा मावत नाही. कोंबलास तर चारही अर्धवट राहतील. या विषयात उद्दिष्ट, पद्धत आणि शेवट हे तीन निकष भक्कम आहेत. उद्दिष्टाचं बघ: १९२०मध्ये ‘एका वर्षात स्वराज्य’ असं म्हटलं गेलं, पण स्वराज्य म्हणजे किती आणि कसं हे मोघमच होतं. १९३०च्या पाठीशी मात्र डिसेंबर १९२९च्या लाहोर अधिवेशनाचा पूर्ण स्वराज्याचा ठराव होता. पद्धतीत फरक असा की असहकारात सरकारला दिलेली साथ काढून घ्यायची होती: पदव्या परत करा, सरकारी शाळा-कॉलेजं, कोर्टं आणि कायदेमंडळं सोडा. कायदेभंगात एखादा कायदा ठरवून, जाहीरपणे मोडायचा होता. मिठाचा कायदा सगळ्यांना माहीत असतो. महाराष्ट्रात सरपणाला आणि गुरांच्या चराईला वनखात्याची आडकाठी होती, तिथे जंगल सत्याग्रह झाले. उरण तालुक्यातल्या चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३०चा सत्याग्रह आणि गोळीबार तुझ्या जवळचाच आहे. तो घाल, पण ‘पद्धत’ या निकषाखाली. स्वतंत्र गोष्ट म्हणून सांगत बसू नकोस.

खरी मेख तिसऱ्या निकषात आहे. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा इथे जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, २२ पोलीस मेले, आणि १२ फेब्रुवारीला चळवळ थांबवण्याचा ठराव झाला. मे १९३०मध्ये गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला, जमावाने चौक्या जाळल्या, पोलीस मारले गेले, मार्शल लॉ लागला. चळवळ मात्र चालूच राहिली. ती थबकली थेट मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन कराराने, १९३२च्या जानेवारीत पुन्हा उभी राहिली आणि १९३४मध्ये मागे घेतली गेली. नेता तोच, अहिंसेचं तत्त्व तेच, घटनाही त्याच जातीची, मग निर्णय वेगळा का? गांधींनी दांडीयात्रेआधीच लिहून ठेवलं होतं की या वेळी सुरू झालेला कायदेभंग थांबवला जाणार नाही. म्हणजे १९२२चा धडा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. हे सापडलं की निबंधाचं मुख्य विधान तयार होतं: ‘दोन्ही चळवळींतला मोठा फरक पद्धतीपेक्षाही हिंसा घडल्यावर काय करायचं, या निर्णयात दिसतो, आणि तो १९२२च्या अनुभवातून आला आहे.’ या विधानाशी कोणी वाद घालू शकतो, म्हणूनच ते लिहिण्याजोगं आहे. ‘दोन्ही चळवळी महत्त्वाच्या होत्या’ याच्याशी कोण वाद घालणार?

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेव: सुरुवातीला ८० ते १०० शब्द, त्यातल्या शेवटच्या वाक्यात मुख्य विधान. पहिल्या दोन निकषांना प्रत्येकी १८०. ज्यावर विधान उभं आहे त्या तिसऱ्याला २५०. उरलेले शेवटाला. सगळ्या निकषांना सारखी जागा द्यायची गरज नाही, उलट तसं केलं की तुझ्या मते महत्त्वाचं काय हे वाचणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न: ‘गोखले आणि टिळक’ यावर दीड हजार शब्द लिहायचे आहेत. आधी गोखले पूर्ण, मग टिळक पूर्ण असं लिहावं, की एकेक मुद्दा घेऊन दोघांवर लिहावं? मॅडम म्हणतात दोन्ही चालतं. सोपं कुठलं?
— एफ.वाय.बी.ए., कळवा

उत्तर: सोपी पहिली पद्धत, आणि फसतेही तीच. मजकूर ५००-६०० शब्दांचा असेल तर ‘आधी एक, मग दुसरा’ चालून जातं, कारण टिळकांवर येईपर्यंत वाचणाऱ्याला गोखले आठवत असतात. दीड हजार शब्दांत ते विसरले जातात. मग टिळकांच्या भागात वारंवार ‘वर पाहिल्याप्रमाणे गोखले मात्र…’ असं मागे फिरावं लागतं. ही पद्धत घ्यायचीच झाली तर दुसऱ्या भागातले मुद्दे पहिल्या भागाच्या क्रमानेच आले पाहिजेत. पहिल्यात शिक्षण-संघटना-वृत्तपत्र असा क्रम आणि दुसऱ्यात वृत्तपत्र-तुरुंग-शिक्षण, असं झालं की तुलना संपली.

तुमच्या लांबीला मिश्र बांधणी सोयीची पडेल: साम्य एका परिच्छेदात एकत्र आणि भेद मुद्द्यामुद्द्याने. साम्याचा परिच्छेद इथे जोरदार होतो. दोघांचाही जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, टिळकांचा १८५६चा आणि गोखल्यांचा १८६६चा. दोघंही पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारे. टिळक १८९०मध्ये बाहेर पडले, गोखले १९०२पर्यंत राहिले. काँग्रेसही दोघांची एकच होती. इतकं सगळं सारखं असलेली माणसं १९०७च्या सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात समोरासमोर का आली, हा प्रश्न त्या परिच्छेदाच्या शेवटी आपसूक उभा राहतो, आणि पुढचे परिच्छेद त्याचं उत्तर देतात. साम्य लिहायचं ते यासाठी. नाहीतर ती नुसती हजेरी होते.

भेदाच्या परिच्छेदात दोघांचीही नावं पहिल्या दोन वाक्यांत आली पाहिजेत. उदाहरणार्थ: ‘गोखल्यांचा श्रोता कायदेमंडळात बसलेला होता, टिळकांचा “केसरी” वाचणारा किंवा दुसऱ्याकडून वाचून घेणारा. म्हणून गोखले अर्थसंकल्पावर आकडे मांडत बोलले आणि १९११मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन आले. टिळकांनी अग्रलेख लिहिले आणि गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं. विधेयक नामंजूर झालं की गोखल्यांचा मार्ग खुंटत असे; अग्रलेखाबद्दल खटला झाला की टिळकांचा श्रोता वाढत असे.’ यात श्रोता हा एकच निकष आहे, दोन्ही बाजूंचा पुरावा आहे आणि शेवटी त्या फरकाने काय झालं हेही आहे. त्या शेवटच्या वाक्याविना परिच्छेद अर्धा राहतो.

आणखी एक. ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ ही लेबलं सगळीकडे चिकटवू नका. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं संमतिवय १०वरून १२ वर्षं केलं. टिळकांचा त्याला विरोध होता, कारण परक्या सरकारने धर्मात हात घालू नये ही त्यांची भूमिका. गोखले सुधारकांच्या बाजूचे. म्हणजे निकष ‘सरकारशी वागणूक’ हा घेतला तर टिळक पुढे दिसतात, ‘समाजसुधारणा’ हा घेतला तर गोखले. निकष बदलला की चित्र उलटतं, हे दाखवणारा एक परिच्छेद दीड हजार शब्दांत अवश्य ठेवा. परीक्षकाला तो सापडला की बाकीच्या लहानसहान चुकांकडे त्याचं लक्ष कमी जातं.

प्रश्न: माझा मुलगा इंग्रजी माध्यमात नववीत आहे. अमेरिकन आणि फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना त्याने साम्य म्हणून ‘दोन्ही अठराव्या शतकात झाल्या, दोन्हीत लोकांना स्वातंत्र्य हवं होतं, दोन्हीत रक्तपात झाला’ असं लिहिलं. चूक काही नाही, पण बाईंनी तिन्ही ओळींखाली लाल रेघ मारली आहे.
— एक पालक, नेरूळ

उत्तर: त्याला एक चाळणी शिकवा. लिहिलेलं साम्य तिसऱ्याच एखाद्या क्रांतीलाही लागू पडतंय का, ते पाहायचं. ‘स्वातंत्र्य हवं होतं’ आणि ‘रक्तपात झाला’ ही वाक्यं जगातल्या बहुतेक क्रांत्यांना लागतात, म्हणून या जोडीबद्दल ती काहीच सांगत नाहीत. ‘दोन्हीकडे करांच्या प्रश्नातून संघर्ष पेटला’ हे वाक्य या चाळणीत बऱ्यापैकी टिकतं. अमेरिकेतल्या वसाहतींवर त्यांचा प्रतिनिधी नसलेली ब्रिटिश संसद कर लावत होती. फ्रान्समध्ये उमराव आणि धर्मगुरू बऱ्याच करांतून सुटलेले होते आणि भार बाकीच्यांवर होता. एकीकडे कर कोण लावतो यावर भांडण, दुसरीकडे कर कोण भरतो यावर. साम्य नीट मांडलं की त्याच्या पोटातच भेद सापडतो.

या जोडीत एक खाचखळगा आहे, तो बहुतेक मुलांच्या नजरेतून सुटतो. या दोन घटना एकमेकींपासून सुट्या नाहीत. १७७८मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह करून ब्रिटनविरुद्धच्या युद्धात उडी घेतली. त्या खर्चाने आधीच वाकलेला फ्रेंच खजिना आणखी खाली गेला, आणि अखेर पैशासाठीच राजाला १७८९च्या मे महिन्यात प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली. पुढे जे झालं ते तिथून सुरू झालं. तेव्हा ‘दोन्ही एकाच सुमारास झाल्या’ याला योगायोग म्हणून सोडून देऊ नये. एकीचं बिल दुसरीच्या दारात गेलं, हे लिहावं.

भेदासाठी गुलामगिरी हा निकष नववीतल्या मुलालाही झेपेल. ‘सर्व माणसं समान’ असं दोन्ही जाहीरनामे म्हणतात, १७७६चा आणि २६ ऑगस्ट १७८९चा. फ्रान्सने १७९४मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली आणि नेपोलियनने १८०२मध्ये ती परत आणली. अमेरिकेत ती देशभरातून जायला १८६५ उजाडलं. एवढ्या पाच सनांवर एक चांगला परिच्छेद उभा राहतो. राजाचं काय झालं हा निकष मात्र जपून वापरायला सांगा: सोळाव्या लुईचा शिरच्छेद २१ जानेवारी १७९३ला पॅरिसमध्ये झाला, पण अमेरिकेचा राजा समुद्रापार होता. हा फरक क्रांतिकारकांच्या स्वभावाचा म्हणून खपवता येत नाही.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ‘बोरीबंदर-ठाणे रेल्वे आणि हावडा-हुगळी रेल्वे’ असा विषय घेतलाय. ठाण्याबद्दल खूप माहिती मिळाली: तीन इंजिनांची नावं, चौदा डबे, तोफांची सलामी. हावड्याबद्दल तेवढी मिळत नाही. शिवाय मित्र म्हणतो, शेवटी निघणार काय, तर आपली गाडी पहिली!
— एस.वाय.बी.ए., ठाणे पूर्व

उत्तर: मित्राचा टोमणा मनावर घ्या, त्यात तथ्य आहे. ‘पहिली कोण’ यातून इतिहासाचं फारसं काही निघत नाही, आणि या जोडीत तर अजिबातच नाही. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, हावडा-हुगळी १५ ऑगस्ट १८५४ला. हावड्याला उशीर होण्यामागे डबे आणणारं जहाज बुडालं आणि इंजिन चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं, अशी कारणं सांगितली जातात. म्हणजे सोळा महिन्यांचा फरक बराचसा अपघाताचा आहे. लिहितानाही ‘भारतातली पहिली प्रवासी गाडी’ असं लिहा. मालासाठी रूळ टाकण्याचे प्रयोग त्याआधी मद्रासकडे आणि रुडकीला झाले होते.

साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनं, चौदा डबे, चारेकशे पाहुणे आणि २१ तोफा, हे सगळं वाचायला छान आहे. हावड्याच्या बाजूला त्याच्या तोडीची माहिती नसेल तर एका वाक्यात आटपा. तुलनेत माहितीचं मोल तिच्या जोडीदारावरून ठरतं. ज्याला जोडीदार नाही तो तपशील कितीही गोड असला तरी प्रोजेक्टच्या शेवटी परिशिष्टात जाऊ दे.

दोन्ही बाजूंना मिळणारे भक्कम निकष कागदपत्रांतच आहेत. पहिला भांडवलाचा. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ठाण्याची गाडी हिची) आणि ईस्ट इंडियन (हावड्याची) या दोन्ही रेल्वे कंपन्यांचे सरकारशी करार १८४९चे, आणि दोघींनाही भांडवलावर पाच टक्क्यांची हमी. नफा कमी पडला तर तूट भारताच्या महसुलातून भरायची. खर्च आटोक्यात ठेवायची घाई मग कंपनीला कशाला असेल? रुळांमधलं अंतरही दोन्हीकडे तेच, साडेपाच फूट. हे दोन मुद्दे ‘धोरण एकच होतं’ हे सिद्ध करायला पुरेसे आहेत.

दुसरा निकष जमिनीचा. ठाण्याच्या पुढे कल्याण ओलांडलं की सह्याद्री. भोर घाटातला मार्ग १८६३मध्ये पुरा झाला आणि थळ घाटातला १८६५मध्ये. हावड्याच्या गाडीसमोर गंगेचं सपाट खोरं होतं. तिची अडचण नद्यांची, मोठमोठ्या पुलांची. तिसरा मालाचा: इकडे घाटावरचा कापूस बंदराला आणायचा होता, तिकडे राणीगंजचा कोळसा, आणि तिथवर रूळ १८५५मध्येच पोहोचले. धोरण एक असूनही मार्गाने आणि मालाने दोन रेल्वे कशा वेगळ्या घडल्या, हे तुमचं मुख्य विधान होऊ शकेल.

आता बारीकसारीक. अंतराचं एकक एकच ठेवा. बऱ्याच प्रोजेक्टांत ठाणे ३४ किलोमीटर आणि हुगळी २४ मैल असं शेजारीशेजारी असतं, आणि वाचणाऱ्याला ठाण्याचा मार्ग लांब वाटतो. प्रत्यक्षात ठाणे २१ मैल, म्हणजे हुगळीचाच जास्त. जुन्या इंग्रजी कागदांत ठाणे ‘टन्ना’ किंवा ‘ठाना’ अशा स्पेलिंगने येतं, वसई ‘बॅसीन’ आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट) ‘साल्सेट’. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर निम्मं सापडणार नाही. १८८२चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वापराल तेव्हा लक्षात ठेवा, त्यातल्या जिल्ह्यात आजचा पालघर जिल्हा आणि मुंबईची उपनगरं होती. त्यातला लोकसंख्येचा आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्याशेजारी ठेवला की उत्तर चुकतंच. ठाण्यातच १८९३पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे बसून टिपणं काढाल तर प्रत्येक टिपणाखाली पुस्तकाचं नाव आणि पान त्याच वेळी लिहा, घरी आल्यावर ते आठवत नाही.

प्रश्न: ‘ठाणे आणि वसईचे किल्ले’ असा विषय आहे. वसईला जाऊन भरपूर फोटो काढले. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, आत जाता येत नाही. त्यामुळे वसईवर पाच पानं आणि ठाण्यावर अर्धं पान झालंय. शिवाय शेवट काय करावा कळत नाही. सध्या ‘दोन्ही किल्ले आपल्या वैभवशाली इतिहासाची साक्ष देतात’ असा केलाय.
— बारावीचा विद्यार्थी, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर: तटबंदी, दरवाजे, चर्च, बुरूज हा निकषच सोडून दे. एक किल्ला हिंडून पाहिलेला आणि दुसरा रस्त्यावरून दिसणारा, अशा दोघांच्या बांधकामाची तुलना समतोल होणार नाही. ‘किल्ला कोणाच्या हातात, कधी आणि का गेला’ हा निकष घे. त्याला दोन्हीकडे सारखा पुरावा आहे, आणि पाच पानांची दोन पानंही होतील.

क्रम असा आहे. वसई पोर्तुगीजांकडे १५३४मध्ये आली आणि दोनशे वर्षांहून जास्त त्यांच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचं मुख्य केंद्र राहिली. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतला, म्हणजे उशिरा. मराठ्यांनी १७३७मध्ये ठाणं घेतलं तेव्हा बांधकाम पुरं झालेलं नव्हतं. वसई मात्र १७३९च्या मे महिन्यात पडली, तीही काही महिन्यांचा वेढा, सुरुंग आणि मोठी मनुष्यहानी सोसून, चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली. दोन्ही विजय एकाच मोहिमेतले म्हणून पुष्कळजण दोन्हीपुढे १७३९ लिहितात. तसं करू नकोस, कारण त्या दोन वर्षांतच तुलना आहे. पुढे डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि डिसेंबर १७८०मध्ये वसई. १७८२च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी, आणि तिच्याबरोबर ठाणे, इंग्रजांकडेच राहिलं.

तुझा शेवट इथेच आहे. वसई मोठी, जुनी आणि नावाजलेली, तरी इंग्रजांनी ती सोडली आणि उशिरा बांधलेला, लहान ठाण्याचा किल्ला सोडला नाही. नकाशा उघडलास की कारण दिसेल: साष्टी मुंबई बेटाला लागून आहे आणि ठाण्याची खाडी हा मुख्य भूमीवरून तिच्यात शिरण्याचा दरवाजा, वसई त्या पलीकडे, उत्तरेच्या खाडीपार. म्हणून शेवटचा परिच्छेद असा लिही: ‘पोर्तुगिजांच्या दृष्टीने वसई मोलाची होती, मुंबईकर इंग्रजांच्या दृष्टीने ठाणे. किल्ल्याचं महत्त्व त्याच्या भिंतींपेक्षा तो कोणाच्या राजधानीजवळ आहे यावरून ठरलेलं दिसतं, आणि सालबाईचा तह त्याचा पुरावा आहे.’ ‘वैभवशाली साक्ष’ हे वाक्य कुठल्याही दोन किल्ल्यांखाली चिकटतं. ते काढ. शेवटात नवी माहिती आणू नये हा नियम खरा, पण नवा निष्कर्ष आणलाच पाहिजे. वसईचे फोटो दोनच ठेव, नकाशा एक हवाच, आणि तो हाताने काढलेला असला तरी चालेल.

प्रश्न: ‘तर’, ‘मात्र’, ‘याउलट’ हे तेच तेच शब्द येतात. दुसरे सुचवाल का?
— दहावीची विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर: दुसरे शोधण्यापेक्षा आहेत ते कमी कर. ‘याउलट’ फक्त खऱ्या उलट गोष्टीला वापर. गोखले कायदेमंडळात होते, याउलट टिळक ‘केसरी’ चालवत, हे उलट नाही, नुसतं वेगळं आहे. तिथे ‘तर’ पुरतो. फरक कमी-जास्तीचा असेल तर तो सरळ सांग: ‘दुसऱ्या चळवळीत स्त्रिया कितीतरी जास्त होत्या.’ साम्याला ‘त्याचप्रमाणे’ एका परिच्छेदात एकदाच. परिच्छेदाची सुरुवात निकषाच्या नावाने केलीस, जसं ‘पैशाच्या बाबतीत’, ‘नेतृत्वाचं पाहता’, की जोडशब्दांची गरज निम्म्याने घटते.

प्रश्न: ए.आय.कडून साम्य-भेदाचा तक्ता करून घेतला तर चालेल का? मुलं करतातच.
— एक शिक्षिका, वाशी

उत्तर: चालेल की नाही हे शाळेने ठरवायचं, ओळखू कसा येतो ते सांगता येईल. अशा तक्त्यात दोन्ही बाजूंना बरोबर पाच-पाच मुद्दे असतात, सगळे सारख्या वजनाचे, आणि ‘सामाजिक, आर्थिक, राजकीय’ हे तीन निकष हमखास. मुलाला तक्त्यातल्या कुठल्याही एका ओळीबद्दल ‘हा फरक का पडला?’ एवढंच विचारा. तक्ता स्वतः केलेला असेल तर उत्तर मोडकंतोडकं का होईना, येतं. सनावळ्या पाठ्यपुस्तकाशी ताडून आणायला सांगितल्या तर चुकाही मुलांनाच सापडतात, आणि तो तासाभराचा चांगला स्वाध्याय होतो.

प्रश्न: घरी निबंध जमतो. परीक्षेत वीस मिनिटांत तक्ता कधी आखायचा आणि लिहायचं कधी? माझा नेहमी दुसरा भाग अपुरा राहतो.
— अकरावीचा विद्यार्थी, सानपाडा

उत्तर: दुसरा भाग अपुरा राहतो याचा अर्थ तू ‘आधी एक, मग दुसरा’ पद्धतीने लिहितोस. परीक्षेत ती सर्वांत महाग पडते: वेळ संपला की अख्खी एक बाजूच कोरी जाते आणि तपासणाऱ्याला तुलना सापडतच नाही. मुद्द्यामुद्द्याने लिहिलंस तर वेळ संपला तरी जेवढं लिहिलं तेवढी तुलना पूर्ण असते.

चार मिनिटं उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामाला दे. तीन निकष, प्रत्येकापुढे दोन्हीकडचे दोन-दोन शब्द आणि एक सन, बस्स. पूर्ण वाक्यं लिहू नकोस. मग निकषांना १, २, ३ असे क्रमांक दे, सर्वांत भक्कम असेल त्याला १. घरच्या निबंधात भक्कम मुद्दा शेवटी ठेवतात, परीक्षेत तो आधी, कारण शेवटाची खात्री नसते. तेरा मिनिटं लिहायला: सुरुवात दोन वाक्यांची, त्यातलं दुसरं मुख्य विधान; मग प्रत्येक निकषाला चार मिनिटांपेक्षा थोडं कमी. उरलेल्या तीन मिनिटांत सन आणि नावं तपास. दोन बाजूंचे सन एकमेकांच्या जागी पडणं ही घाईतली ठरलेली चूक आहे. तिसऱ्या निकषाला वेळच उरला नाही, तर त्यावर दोन्ही बाजूंना धरणारं एकच वाक्य लिही आणि थांब. एकाच बाजूच्या चार ओळी लिहिण्यापेक्षा ते बरं. कच्च्या कामावर आडवी रेघ मारून वर ‘कच्चे काम’ असं लिहायला विसरू नकोस.